आवड आपली, निवड कोणाची?

नवी दिल्ली : रात्रीची जेवणे आटोपल्यानंतरचे आजच्या घरातील दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. आजोबा मोबाइलवर नाट्यसंगीत ऐकत असतात, आई मालिकेचा राहिलेला भाग पाहते, मुलगा कोरियन मालिकेत रमलेला असतो आणि मुलगी कानाला श्रवणयंत्रे लावून कादंबरी ऐकत असते. एका छताखाली चार आवडी सुखाने नांदतात. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ या म्हणीचा इतका प्रत्यक्ष पुरावा पूर्वी क्वचितच दिसला असेल. तथापि, या चौघांनी जे निवडले ते त्यांनी स्वतः शोधले, की त्यांच्यासमोर आणून ठेवले गेले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आवड घडविणारे हात पूर्वीही होते. 1952 मध्ये डॉ. बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मात्र आपली आवड सोडली नाही. त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने आणि अमीन सयानी यांच्या आवाजाने देशभरातील श्रोत्यांना खिळवून ठेवले. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही सेवा सुरू केली. लोकांची आवड वरून ठरविता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

मराठी श्रोत्यांच्या दृष्टीने या काळाचे प्रतीक म्हणजे आकाशवाणीवरील ‘आपली आवड’ हा फर्माईशीचा कार्यक्रम. पत्र लिहायचे, गाण्याचे नाव कळवायचे आणि आपले नाव रेडिओवरून ऐकू येईल या आशेने वाट पाहायची, असा तो क्रम होता. आवड व्यक्त करण्यासाठी कष्ट पडत आणि दुसऱ्याने मागितलेले गाणेही ऐकावे लागे. दूरचित्रवाणीबाबतही हेच घडले. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी शेजारीपाजारी एकाच संचासमोर बसत. निवडीला वाव कमी होता. पण दुसऱ्या दिवशी बोलण्यासाठी विषय सर्वांचा एकच असे.

परिचयातून पसंती

आवड कशी तयार होते, यावर मानसशास्त्रात बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये केलेले प्रयोग त्यात महत्त्वाचे मानले जातात. अपरिचित शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे आणि अनोळखी चेहरे त्यांनी सहभागी व्यक्तींना कमी-अधिक वेळा दाखविले. जे वारंवार दिसले, त्याविषयी लोकांचे मत अधिक अनुकूल झाल्याचे आढळले. पहिल्यांदा सामान्य वाटलेले गाणे आठवडाभर कानावर पडत राहिले की ओठांवर कसे येते, याचे उत्तर यात सापडते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुसरी बाजू मांडली. घरातील वातावरण, शिक्षण आणि सामाजिक स्थान यांची छाप आवडीवर पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या घरात पुस्तकांचे कपाट असते, तेथील मुलाला वाचनाची गोडी ‘उपजत’ आहे असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या कपाटाचाही त्यात वाटा असतो.

शिफारशीचे गणित

आज या कपाटाची जागा बहुतांशी शिफारस यंत्रणेने घेतली आहे. तिचे मूळ तत्त्व सोपे आहे. ज्यांनी एक पुस्तक घेतले, त्यांनी आणखी कोणती पुस्तके घेतली, याची नोंद ठेवायची आणि नव्या ग्राहकाला तीच सुचवायची. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी या पद्धतीचे विवेचन 2003 मध्ये प्रसिद्ध केले. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये आपल्या यंत्रणेचा अंदाज 10 टक्क्यांनी सुधारणाऱ्यास 10 लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आणि 2009 मध्ये ते प्रदान केले. प्रेक्षकाची आवड ओळखण्याला किती व्यावसायिक मोल आहे, हे यातून स्पष्ट होते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. यंत्रणेला आपली आवड कळत नाही. तिला आपले वर्तन कळते. कोणते गाणे अर्ध्यावर सोडले, कोणता भाग रात्री उशिरापर्यंत पाहिला, याची ती नोंद घेते. थकव्यामुळे पाहिलेली मालिका आणि मनापासून पाहिलेला चित्रपट यांतील फरक या नोंदीत सहसा उमटत नाही.

इतरांच्या पसंतीचा प्रभावही मोठा असतो. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 14 हजारांहून अधिक व्यक्तींनी अप्रसिद्ध वाद्यवृंदांची 48 गाणी ऐकली. काहींना केवळ गाणी दिसत होती. इतरांना आठ स्वतंत्र गटांत विभागून, आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, तेही दाखविले गेले. गाणी तीच असूनही प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी अग्रस्थानी आली. उत्तम गाणी सहसा मागे पडली नाहीत आणि सुमार गाणी सहसा पुढे गेली नाहीत. मधल्या बहुसंख्य गाण्यांचे भवितव्य मात्र सुरुवातीच्या गर्दीवर अवलंबून राहिले.

मराठी वाचकांसाठी मुद्दा महत्त्वाचा

बडोदा, इंदूर, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मराठी कुटुंबाच्या दृष्टीने या निष्कर्षाला वेगळे महत्त्व आहे. संख्येवर चालणारी यंत्रणा बहुसंख्यांच्या मागे जाते. घरातील मंडळी हिंदी किंवा इंग्रजी कार्यक्रम अधिक पाहत असतील, तर मराठी गीत वा कादंबरी सूचनांच्या यादीत खाली सरकण्याची शक्यता वाढते. जे दिसत नाही ते परिचयाचे होत नाही, आणि जे परिचयाचे नाही त्याची गोडी लागणे कठीण. मराठी नावडती न होताही एखाद्या घरातून अशा प्रकारे निसटू शकते.

यावरील उपायाचा एक जुना दाखला बडोद्याचाच आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचली. वाचकाने कधी न मागितलेले पुस्तकही त्याच्या हाती पडावे, ही सोय त्या व्यवस्थेत होती.

आजही घरच्या घरी असे करता येते. बहुतेक सेवांमध्ये पाहिल्या-ऐकल्याची नोंद पुसण्याची किंवा थांबविण्याची सोय असते. पुढचा भाग आपोआप सुरू होणे बंद करता येते. सूचनांची वाट न पाहता लेखकाचे, गायकाचे नाव मराठीत लिहून शोधल्यास त्याचीही नोंद होते. प्रत्येकाने स्वतंत्र खाते ठेवल्यास आजोबांचे नाट्यसंगीत आणि नातवाची मालिका यांची सरमिसळ होत नाही.

आठवड्यातून एकदा चौघांपैकी एकाने निवडावे आणि उरलेल्या तिघांनी त्याच्यासह ऐकावे, हा उपाय तर बिनखर्चाचा आहे. ‘आपली आवड’च्या श्रोत्यांना दुसऱ्याच्या फर्माईशीतून नवे गाणे भेटत असे. आजोबांच्या पसंतीचे एखादे पद नातवाच्या कानावर पडण्यासाठी, मोबाइलचा आवाज थोडा मोठा करणेही पुरेसे ठरेल.