घरालगतच्या सुतारकामाला पटाशीची साथ

कोल्हापूरची शाहूपुरी छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. आज इथे दुकानामागे घर आणि घराला चिकटून शेजाऱ्याचे घर अशी दाट वस्ती आहे. अशा ठिकाणी फर्निचर बनवणाऱ्या कारागिरापुढे पेच असतो. मशीन लावले की काम झटपट उरकते, पण आवाज आणि धूळ आपल्याच मुलाबाळांपर्यंत पोहोचते.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. राउटर किंवा कटर सहज ९० च्या पुढे जातो. लाकडाच्या बारीक धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. हातकरवतीचा भुसा जाड असतो, तो खाली पडतो. रंध्यातून तर सालपटेच निघतात.

मग हाताने केलेली जोडणी टिकते का? सागवानसुद्धा पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. रुंद फळी खिळ्यांनी जखडली की ती तडकते. म्हणून जुने सुतार चौकट कुसूने जोडत आणि मधली फळी खाचेत मोकळी ठेवत. अलेप्पो येथे ११६८ च्या सुमारास सुलतान नूरुद्दीन यांनी करवून घेतलेला लाकडी मिंबर अशाच एकमेकांत अडकणाऱ्या तुकड्यांचा होता. सुलतान सलाहुद्दीन यांनी तो अल-अक्सा मशिदीत नेला. १९६९ मध्ये आगीत तो नष्ट झाला, म्हणजे सुमारे आठशे वर्षे टिकला. जॉर्डनमध्ये खिळे व गोंद न वापरता तयार केलेला नवा मिंबर २००७ मध्ये तिथे बसवण्यात आला.

सुरुवात लहान स्टुलापासून करावी. बारीक दातांची हातकरवत, रंधा, १२ मिमीची पटाशी, मोगरी, गुण्या आणि मार्किंग गेज एवढी हत्यारे पुरतात. कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ. ती जाडीच्या एक तृतीयांश ठेवावी, म्हणजे ३६ मिमी लाकडाला १२ मिमी. आधी खाच पाडावी, मग कुसू थोडी जाड कापून पटाशीने तासत खाचेत बसवावी. ती हाताच्या दाबाने आणि मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसली पाहिजे. जोरात ठोकावे लागले तर लाकूड फाटते. पटाशीची धार २५ ते ३० अंशांची असावी आणि काम थांबवून मधूनमधून ऑइल स्टोनवर लावावी. बोथट पटाशी घसरून हात कापते.

मात्र सगळेच हाताने करायचे ठरवले तर रोजी परवडणार नाही. जाड ओंडके वखारीतच चिरून, फळ्या रंधून आणाव्यात. घरी फक्त जोडणी करावी. प्लायवूडच्या कपाटाला कुसूचा उपयोग नाही, तिथे स्क्रूच बरा. पहिल्या काही वस्तूंना लागलेले तास वहीत लिहून ठेवावेत आणि त्यावरूनच भाव सांगावा. गिऱ्हाईक मशीनच्या खुर्चीशी तुलना करील. तेव्हा त्याला एक उघडा सांधा हातात द्यावा. खुर्चीचा पाय मोडला तर तेवढाच पाय बदलता येतो, हे त्याला पाहताच समजेल.

घरातल्या मुलालाही हा हुन्नर आपल्या शेजारी बसवून शिकवता येतो. मशीन चालू असताना त्याला लांबच ठेवावे लागते.