लहान दाण्याची थोरवी

जपानांत एक म्हण प्रचलित आहे: सान्शोचा दाणा लहान खरा, पण चवीला झणझणीत. आकारावरून कोणाची योग्यता ठरवूं नये, असा तिचा भाव. शेतकऱ्यानें ती अक्षरशः घेतली तरी तींत शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

सान्शो हें काटेरी झुडूप. त्याचा कोंवळा पाला स्वयंपाकांत पडतो. फळांतील काळें बीं टाकून वाळल्या सालीची पूड भाजलेल्या वाम माशावर घालतात. लांकडाचा बत्ता होतो. वाकायामा प्रांतांत त्याचें पीक सर्वांत मोठें. कोंकण-गोव्यांत बांगड्याच्या कालवणांत पडणारें तिरफळ सान्शोच्याच जातकुळीचें. त्याचीही साल ठेवून बीं टाकतात.

सान्शोचीं नर व मादी झाडें निराळीं असतात आणि फळ मादीसच धरतें. बियांचें रोप नर कीं मादी, हें फुलोरा येईपर्यंत उमगत नाहीं. तोंवर जागा अडून राहते. यास्तव तेथील बागाईतदार निवडक मादी झाडाचीं कलमें लावितात. ह्योगो प्रांतांतील आसाकुरा ही बिनकाट्यांची जातही कलमांनींच राखिली आहे.

आमचें सांगणें इतकेंच कीं, बांधावरील तिरफळ काटेरी म्हणून तोडण्यापूर्वीं दोन हंगाम त्याचे घोस पाहावे. जें झाड भरपूर फळ देतें त्यावर खूण करावी, व कलम त्याचेंच बांधून पाहावें. जागा तेवढीच अडते. उत्पन्न मात्र निवडीप्रमाणें मिळतें.