मोबाइलमधलं 'फुकट' सॉफ्टवेअर: मोठ्या कंपन्या त्याचा हिशोब कसा ठेवतात?

कासुर्डी (ता. दौंड) : मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा. तिथं 'लीगल इन्फॉर्मेशन'मध्ये 'ओपन सोर्स लायसन्स' असं सापडेल (प्रत्येक फोनात जागा थोडी वेगळी असते). दाबलं की लांबच लांब यादी येते. फोनात दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं जे सॉफ्टवेअर वापरलंय, त्याची ती यादी. अँड्रॉइडचा गाभा असलेलं लिनक्स त्यातलंच. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ मध्ये सुरू केलं.

फुकट असलं तरी त्याला अटी असतात. लिनक्समध्ये बदल करून ते फोनात घालून विकलं, तर मागणाऱ्याला तो बदललेला कोड द्यावा लागतो. काही परवान्यांत फक्त मूळ लेखकाचं नाव ठेवलं तरी चालतं. त्यामुळे कोणता कोड घेतला आणि त्याची अट काय, हे कंपनीला आधी बघावं लागतं. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी वेगळं खातंच असतं. आपल्या भागातली जी पोरं हिंजवडी, खराडीला आयटीत आहेत, त्यांना विचारा. नेटवरचा कोड परवानगीशिवाय उचलायचा नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे.

पण खरा घोर सुरक्षेचा. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' नावाच्या छोट्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मोठं भोक सापडलं. त्याचं काम नोंदवहीचं: सर्व्हरवर कोण आलं, काय चुकलं, ते लिहून ठेवायचं. चोराने विशिष्ट ओळ पाठवली आणि ती नोंदवहीत उतरली, की सर्व्हर त्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. दुरुस्ती काही दिवसांत आली, तीही बहुतेक बिनपगारी काम करणाऱ्यांनी केली. पण जगभरच्या बड्या कंपन्यांना आपल्याकडे ते नेमकं कुठं बसलंय हेच माहीत नव्हतं. विकत घेतलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात ते आलं होतं. शोधण्यातच आठवडे गेले.

द्राक्षवाल्यांना यातली गोम लगेच कळेल. युरोपला माल पाठवायचा तर अपेडाच्या 'ग्रेपनेट'वर बागेची नोंद लागते. तिकडं औषधाचा अंश जास्त सापडला, तर पेटीवरून थेट बाग गाठता येते. सॉफ्टवेअरच्या अशा यादीला 'एसबीओएम' म्हणतात: आत कोणकोणते भाग, कोणाचे, कितवी आवृत्ती. 'सेबी'ने ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजारातल्या संस्थांना महत्त्वाच्या सॉफ्टवेअरसाठी ती ठेवायला सांगितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने यादी कशी करायची याच्या सूचना काढल्या.

नुसती यादी करून फाइलला लावली तर उपयोग नाही. नवीन भोक जाहीर झालं की त्याच दिवशी यादीशी ताडून बघणारा माणूस लागतो. आणि ज्यांच्या कोडवर कोट्यवधींचा धंदा चालतो, त्यांना कंपन्यांनी चार पैसे द्यायला काय हरकत आहे? काही देतात, बऱ्याच देत नाहीत.

कंपनीने दुरुस्ती पाठवली तरी ती तुमच्या फोनात उतरायला अपडेट करावं लागतं. बँकेचं ॲप आणि फोन दोन्ही. सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि नवीन अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवरून पैशाचे व्यवहार करू नका.