अण्णांचं टेबल आणि माझे एकवीस शिपाई

हुमनाबादच्या आमच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत एक जुनं लाकडी टेबल आहे. उजव्या हाताला तीन बारीक खण, आणि चारी बाजूंनी बोटभर उंचीची पट्टी. निसटलेला स्क्रू जमिनीवर जाऊ नये म्हणून ती ठोकलेली. या टेबलावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. सध्या त्यावर माझं सैन्य उभं असतं. वीस शिपाई आणि एक पुढारी, प्रत्येकाची उंची तीन-साडेतीन सेंटीमीटर. जानेवारीत वीरभद्रेश्वराच्या जत्रेला आलेले पाहुणे आधी टेबलाकडे बघतात, मग माझ्याकडे. मी चौतीस वर्षांचा आहे, हैदराबादेत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, आणि सुट्टीत गावी येऊन बाहुल्या रंगवतो. त्यांच्या नजरेत काय असतं ते मला समजतं.

तर आधी हे काय प्रकरण आहे ते सांगतो. वॉरहॅमर ४०,००० नावाचा एक खेळ आहे. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८७ साली काढला. गोष्ट घडते ती फार पुढच्या, एकेचाळिसाव्या सहस्रकात, अंतराळात, आणि सगळे सगळ्यांशी लढत असतात. खेळायचं मात्र जेवणाच्या टेबलावर. शिपाई सहा इंच चालला की टेपने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवायचं. खेळण्यातल्या शिपायांशी नियम लावून खेळायचा नाद मोठ्या माणसांना फार जुना आहे. 'टाइम मशीन' लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली त्यावर 'लिटल वॉर्स' नावाचं एक पुस्तकच लिहिलं होतं.

पण माझ्यासारख्यांचा जीव खेळापेक्षा आधीच्या कामात जास्त रमतो. खोक्यातून शिपाई तयार येत नाहीत. करड्या प्लास्टिकच्या चौकटीत हात, पाय, डोकी, बंदुका वेगवेगळ्या जडवलेल्या असतात. त्या कापायच्या, कडा तासायच्या, चिकटवायच्या आणि मग रंगवायच्या. त्यापुढची पायरी म्हणजे बदल. याचं डोकं त्याला, तिसऱ्याचा हात चौथ्याला, आणि जे कंपनीने दिलंच नाही ते घरातल्या भंगारातून. सुरुवातीच्या काळात तर खुद्द कंपनीनेच डिओडरंटच्या रिकाम्या डबीचा रणगाडा कसा करायचा ते छापून दाखवलं होतं. आता त्यांच्याकडे विकायला भरपूर रणगाडे आहेत, त्यामुळे असलं काही छापत नसावेत!

खरं तर हे काम आपल्याला नवं नाही. माझं आजोळ पुण्याचं. दिवाळीत मामाच्या वाड्यात किल्ला व्हायचा आणि त्यावर मातीचे मावळे. दरवर्षी माळ्यावरून काढताना निम्म्यांचे हात तुटलेले असायचे. मग तुटक्या हाताच्या जागी आगकाडी बसवायची, की झाला भालेवाला. त्यालाच आज 'कन्व्हर्जन' म्हणतात हे मला तिशीत कळलं.

ऑफिसातल्या एका मित्राने मला या नादाला लावलं. पहिलं खोकं घेतलं तेव्हा दहा शिपायांचे साडेतीन हजारांच्या आसपास गेले. आईला मी आकडा अजून सांगितलेला नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवलं, सैन्य लहान ठेवायचं. दोन खोकी, एक पुढारी, बस्स.

सैन्य निवडलं ते मंगळावरच्या यंत्रपूजकांचं. ॲडेप्टस मेकॅनिकस हे त्यांचं नाव. ही माणसं स्वतःचे हातपाय काढून यंत्राचे बसवतात, दातेरी चक्र हे त्यांचं चिन्ह. प्रत्येक यंत्रात देव आहे असं ती मानतात, आणि यंत्र सुरू करण्याआधी मंत्र म्हणतात, उदबत्ती लावतात, तेल चढवतात. मूळ यंत्र कोणी आणि कसं केलं हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही, फक्त चालू ठेवायचं एवढंच ठाऊक. ज्यांनी वीस वर्षांपूर्वीचा दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम सांभाळला आहे, त्यांना ही माणसं ओळखीची वाटतील.

हे सगळं अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग रोजचीच खंडेनवमी की रे यांची!" मला वाटतं, इंग्लंडमध्ये बसून कोणी इतक्या थोडक्यात सांगू शकलं नसतं. आमच्या घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिमटे, स्क्रूड्रायव्हर, डोळ्यात बसवायचं भिंग, सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू लागतं. दुकान बंद झालं तरी ते थांबलेलं नाही.

खोक्यावरच्या चित्रात या शिपायांचे झगे लाल असतात. मला लाल नको होते. बिदर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, आणि घरात आजीच्या लग्नातली बिदरीची एक फुलदाणी आहे. काळ्याशार अंगावर चांदीची वेल. बिदरीचं भांडं जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या जागी चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण लावलं की जस्त काळं पडतं, चांदी मात्र तशीच राहते. यंत्रपूजकांना याहून चांगला रंग कुठला मिळणार? झगे काळे, काठाला चांदीची वेल, हे ठरलं.

ठरवणं सोपं होतं. पहिल्या चार शिपायांची वेल म्हणजे मुंग्यांची रांग दिसत होती. मी समजत होतो की बारीक रेघेसाठी बारीक ब्रश लागतो. म्हणून सर्वात लहान, पाचसहा केसांचा ब्रश आणला. त्याच्यावर रंग ठरतच नाही, शिपायापर्यंत पोचेतो वाळून जातो. खरं तर जरा जाड ब्रश हवा, फक्त त्याचं टोक सुईसारखं हवं. पोटात रंग राहतो आणि रेघ टोक ओढतं. रंगात पाणी घालून पातळ करायचा, ब्रश कागदावर टेकवून जास्तीचा रंग काढायचा, मगच शिपायाला लावायचा. चांदीच्या रंगाचा ब्रश धुवायला पाणी वेगळं ठेवायचं, नाहीतर त्यातली चमचम दुसऱ्या रंगांत उतरते आणि शिपायांचे चेहरे लग्नाला निघाल्यासारखे दिसतात.

दुसरी गोष्ट समजायला आजीची फुलदाणी खिडकीत नेऊन बघावी लागली. बिदरीचं काळं चमकत नाही, चांदी चमकते. सौंदर्य त्या फरकात आहे. मी शेवटी सगळ्यावर एकच व्हार्निश मारत होतो, त्यामुळे दोन्ही सारखंच दिसायचं. मग क्रम बदलला. आधी काळं, त्यावर चमक मारणारं मॅट व्हार्निश, ते पूर्ण वाळल्यावर चांदी, आणि चांदीवर काहीच नाही. पाचव्या शिपायापासून वेल उठून दिसायला लागली. पहिल्या चौघांना मी पुन्हा रंगवलं नाही, ते मागच्या रांगेत असतात.

आपल्या हवेचंही सांगायला हवं, कारण यूट्यूबवरची मंडळी थंड देशातली. एप्रिल-मेमध्ये दुपारी ॲक्रिलिक रंग झाकणात ओतला की दोन मिनिटांत साय धरतो. त्यावर उपाय असा, की उथळ डब्यात ओला टिश्यू पेपर पसरायचा, त्यावर केकच्या भांड्यात घालतात तो बेकिंगचा कागद, आणि रंग त्या कागदावर. खालून ओल मिळत राहते, रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो. आईचा पोळ्यांचा जुना डबा या कामात गेला. उलट पावसाळ्यात पहिला हात स्प्रेने मारू नये. दमट हवेत मारला तर शिपायांवर बुरशीसारखी खरखर येते. माझे तीन जण तसे गेले.

आता पुढाऱ्याकडे येतो. तो मला खोक्यासारखा नको होता. मूळ शरीर एका शिपायाचं घेतलं, पाठीवरची यंत्रं एम-सीलने वाढवली. एम-सील मळून झालं की पाण्यात बुडवलेल्या सुईने आकार द्यायचा, कोरड्या सुईला ते चिकटतं. आणि डोक्यामागे देवाच्या मूर्तीला असते तशी प्रभावळ हवी होती, पितळी चक्राची.

अण्णांच्या खणांत अशी चक्रं शेकड्यांनी. दुकान त्यांनी बंद केलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे डोळे. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. एचएमटीच्या घड्याळांवर त्यांचं दुकान चाललं. 'जनता', 'पायलट', 'सोना' ही नावं मी बालवाडीच्या आधी शिकलो. २०१६ च्या जानेवारीत सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं, पण आमच्या गल्लीत किल्लीची घड्याळं त्याच्या कितीतरी आधी बंद पडली होती. दुकान उठल्यावर टेबल घरी आलं. अण्णा त्यापाशी क्वचितच बसायचे. माझे रंग तिथे मांडल्यावर मात्र रोज येऊन बघायला लागले, भिंग डोळ्यात घालून. "याचा डावा डोळा राहिला रंगवायचा," असं सांगून जायचे.

त्यांनी भंगाराचा डबा मला मोकळा करून दिला होता. मी एका रात्री त्या डब्यात मनासारखं चक्र मिळेना म्हणून खालचा खण उघडला. त्यात कागदाच्या लहान पुड्या होत्या. एका पुडीत सुटं केलेलं मशीन, आणि त्यात बॅलन्सचं चक्र. गोल, नाजूक, मधे आरी. हेच हवं होतं. त्याची हेअरस्प्रिंग कात्रीने कापली, फेविक्विकचा थेंब लावला आणि प्रभावळ बसवली. इतकं देखणं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं.

सकाळी अण्णांनी भिंग लावलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "हे जनताचं बॅलन्स आहे. कुठून घेतलंस?"

मी सांगितलं. त्यांनी खण उघडून ती पुडी काढली. वर पेन्सिलने एक आडनाव, गाव, आणि तारीख होती. २००९ मधली. त्या खणातल्या सगळ्या पुड्या अशाच होत्या, दुरुस्तीला देऊन परत न नेलेल्या.

"अण्णा, इतक्या वर्षांनी आता कोण येणार आहे?"

"येतील, न येतील. घड्याळ त्यांचं आहे."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

फेविक्विक ॲसिटोनने सुटतं, पण ॲसिटोन या प्लास्टिकलाही विरघळवतं. त्यात माझी हरकत नव्हती, पुढारी गेला तरी चालणार होतं. भीती होती ती एवढ्या बारीक चक्राचं विरघळलेल्या प्लास्टिकने काय होईल याची. शेवटी दुसरा उपाय केला. गोठवल्यावर हा डिंक ठिसूळ होतो, म्हणून पुढाऱ्याला दोन तास फ्रीझरमध्ये, मटाराच्या पिशवीशेजारी ठेवलं आणि पातळ पात्याने हळूच उचकटलं. चक्र सुटलं, पण आसाचं टोक मोडलं. ते टोक केसाएवढं असतं. आणि हेअरस्प्रिंग तर मी आधीच कापलेली.

ते चक्र अण्णांच्या तळहातावर ठेवलं. ते काही न बोलता आत गेले आणि स्वतःचं घड्याळ घेऊन आले. सतरा ज्वेलची 'जनता', पांढऱ्या तबकडीची. मला आठवतंय तेव्हापासून त्यांच्या मनगटावर तीच. मी म्हटलं, "अण्णा, नको. मी हैदराबादेत शोधतो, मिळेल कुठेतरी." ते टेबलाशी बसले. माझे रंग बाजूला सारून त्यांनी चिमटा मागितला, पाठीमागचा दिवा जवळ ओढायला सांगितला. हात थोडा थरथरत होता, पण चिमटा मशीनपाशी पोचला की थांबायचा. एरवी दहा मिनिटांचं काम, त्या दिवशी पाऊण तास लागला. मधे एकदा स्क्रू उडाला आणि टेबलाच्या पट्टीला लागून थांबला.

स्वतःच्या घड्याळातलं बॅलन्स, हेअरस्प्रिंगसकट, त्यांनी त्या पुडीतल्या मशीनमध्ये बसवलं. किल्ली दिली. २००९ पासून बंद असलेलं ते घड्याळ टिकटिक करायला लागलं. मिनिटभर ऐकून त्यांनी ते पुन्हा पुडीत बांधलं, खणात ठेवलं, आणि मोडकं चक्र माझ्यासमोर सरकवलं. "हे घे. आता हे आपलं झालं. बसव परत."

बसवलं. पुढारी आता मधोमध उभा असतो, डोक्यामागे प्रभावळ, झग्याला बिदरी वेल. हैदराबादेत मित्राशी दोन डाव खेळलो, दोन्ही हरलो. दुसऱ्या डावात तर पुढारी पहिल्याच फेरीत पडला. त्या खालच्या खणावर मी चिठ्ठी चिकटवली आहे, 'गिऱ्हाइकांचं'. अण्णा हल्ली संध्याकाळी टेबलाशी बसतात. एकेक पुडी सोडून मशीन साफ करतात, तेल देतात, चालतं का बघतात आणि पुन्हा बांधून ठेवतात. मी समोर रंगवत असतो. दोघांत दिवा एक, भिंग एक, त्यामुळे थोडी भांडणंही होतात.

त्यांचं स्वतःचं घड्याळ अजून बंद आहे. मनगटावर रोज बांधतात, पण वेळ मला विचारतात. 'जनता'चं जुनं मशीन मी शोधतो आहे. वाचकांपैकी कोणाच्या कपाटात बंद पडलेलं एखादं असेल आणि द्यायची इच्छा असेल, तर संपादकांमार्फत जरूर कळवा. घड्याळ कोणाचं आहे, आणि त्यांना विचारलं आहे का, तेवढं मात्र सोबत लिहा. अण्णा पहिलं तेच विचारतील.