बुरशी नसलेली बुरशी

पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर, पालापाचोळ्यावर किंवा झाडाच्या आळ्यात रातोरात पिवळाधमक, फेसाळ थर उगवतो. ‘बुरशी आली’ म्हणत लोक बुरशीनाशक शोधू लागतात. हा बहुधा फ्युलिगो सेप्टिका नावाचा स्लाइम मोल्ड असतो, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतले श्लेष्मकवक. नावात ‘कवक’ असले तरी तो कवक नाही.

बुरशी पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. स्लाइम मोल्ड जिवाणू, यीस्ट, बुरशीचे बीजाणू अख्खे गिळतो आणि सरपटत पुढे जातो. त्याचे जवळचे नाते अमीबाशी आहे. मग घोटाळा का झाला? अन्न संपले की तो सुकून बुरशीसारखीच बीजाणूंची भुकटी धरतो आणि जुन्या अभ्यासकांच्या नजरेत हीच अवस्था भरली. १८३३ मध्ये लिंक यांनी ‘मिक्सोमायसिटीज’ हे नाव दिले. पुढे १८५०च्या दशकात आंतोन द बारी यांनी बीजाणूंतून अमीबासारख्या पेशी बाहेर पडताना पाहिल्या आणि ‘मायसेटोझोआ’ म्हणजे ‘कवकप्राणी’ हे नाव सुचवले. तरीही या जीवांची नावे आजही शैवाल, कवके आणि वनस्पतींच्या नामकरण-संहितेनुसारच ठरतात. शेकडो जातींची नावे रुळलेली असताना हे योग्यच आहे. नामकरणाचा नियम म्हणजे नात्याचा पुरावा नव्हे.

तो पिवळा थर म्हणजे जंतूंची वसाहत, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात तो सारा थर मिळून एकच पेशी असते, आत असंख्य केंद्रके असलेली. या अवस्थेला ‘प्लास्मोडियम’ म्हणतात. हिवतापाच्या परजीवीचे नावही तेच असले तरी दोघांचा संबंध नाही. डिक्टिओस्टेलियम या दुसऱ्या एका स्लाइम मोल्डचा प्रकार मात्र वेगळा. त्याच्या पेशी सुट्या जगतात, उपासमार झाली की रासायनिक हाकेवर हजारोंनी एकत्र येतात, आणि त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या पेशी बीजाणूंना उंचावणारा देठ बनून मरतात.

सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते स्लाइम मोल्डच्या ‘बुद्धी’विषयी. २००० साली जपानमधल्या नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी फायसारम पॉलिसेफॅलम या जातीवर भुलभुलैयाचा प्रयोग केला. हा जीव दारातून शिरून वाट शोधत गेला, असे वाचायला मिळते. तसे घडले नव्हते. त्याचे तुकडे आधीच सगळ्या वाटांवर ठेवले होते आणि ते जुळून एक झाले. मग दोन टोकांना ओट ठेवल्यावर बंद वाटांतले अंग त्याने आखडून घेतले आणि शेवटी सर्वांत जवळच्या वाटेवर एक जाड नळी उरली. २०१० मध्ये टोकियो परिसरातल्या शहरांच्या जागी ओट ठेवले, तेव्हा तिथल्या रेल्वेच्या तोडीचे जाळे तयार झाले. यामागे आराखडा नाही, मेंदूही नाही. ज्या नळीतून प्रवाह जास्त ती जाड होते, जिच्यातून कमी ती विरते. इतक्या साध्या नियमातून असे जाळे उभे राहते, हे मला ‘हुशार बुरशी’च्या बातम्यांपेक्षा कितीतरी विलक्षण वाटते.

राहता राहिली झाडांची काळजी. फ्युलिगो झाडाचा रस शोषत नाही. कुजक्या पाल्यातले सूक्ष्मजीव खातो आणि काही दिवसांत सुकतो. तेव्हा औषध फवारू नका. फार खुपत असेल तर ओला असतानाच खुरप्याने उचला, कारण सुकल्यावर उडणारी भुकटी ॲलर्जी असलेल्यांना त्रास देऊ शकते.