चोर सोडून संन्याशाला फाशी

ही म्हण आपण बालपणापासून ऐकत आलो आहो. परंतु संन्याशाच्या गळ्यात फास पडतो तो नेहमीच कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. पुष्कळदा तो हिशेबाच्या चुकीने पडतो.

हिशेब सोपा आहे. समजा, १००० वस्तीच्या गावात चोरी झाली. चोर गावातलाच असून तो लंगडत पळाला, एवढीच खूण मिळाली. गावात शंभरी एक मनुष्य लंगडा आहे असे धरले, तर खूण दहा जणांस लागू पडते. त्यांतील जो प्रथम दृष्टीस पडेल त्यास धरले, तर तो निरपराधी असण्याचा संभव दहांत नऊ! खूण ९९० जणांस मोकळे करते. उरलेल्या दहांतून एकास निवडण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. त्यासाठी दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा.

पण एकदा संशय जडला की शोध थांबतो आणि समर्थन सुरू होते. इंग्लंडातील एका खटल्यात हे स्पष्ट दिसते. मुंबईचे पारशी गृहस्थ शापुरजी एदलजी ख्रिस्ती होऊन स्टॅफर्डशर परगण्यातील ग्रेट वर्ली येथे धर्मगुरू झाले होते. त्यांचा पुत्र जॉर्ज वकिली करी. १९०३ साली तेथे रात्री गुराघोड्यांची पोटे चिरण्याचे प्रकार घडू लागले. पूर्वी या कुटुंबास निनावी पत्रांचा उपद्रव झाला होता, तेव्हापासूनच तेथील पोलीसप्रमुखांचा जॉर्जवर रोष होता. ऑगस्टमध्ये त्यास अटक झाली. तो कोठडीत असतानाच आणखी एक घोडा मारला गेला. तरी 'हे त्याच्या साथीदारांचे काम' असे ठरले! निर्दोषपणाची खूणही दोषाचीच खूण झाली. शिक्षा झाली सात वर्षांची.

तीन वर्षांनी सुटलेल्या जॉर्जला सर आर्थर कॉनन डॉईल भेटले. तो वर्तमानपत्र अगदी डोळ्यांशी धरून वाचीत होता. नेत्रविद्येचा अभ्यास केलेल्या डॉईलना प्रश्न पडला, की असा अधू दृष्टीचा मनुष्य काळोखात शेते तुडवीत जाईल कसा? त्यांच्या लेखांनी खळबळ उडाली. १९०७ साली जॉर्जला माफी मिळाली, भरपाई मात्र मिळाली नाही. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलांचे न्यायालय स्थापन झाले. त्यास हा खटलाही कारण झाला.

हे लिहिताना आमचीच एक गोष्ट आठवते. वर्गातील एक कंपासपेटी नाहीशी झाली, तेव्हा आमची दृष्टी ज्या मुलाकडे गेली, त्याने पूर्वी एकदा अपराध केला होता, एवढेच आमच्यापाशी कारण होते. सर्वांदेखत आम्ही त्याचे दप्तर उघडविले. दुसऱ्या दिवशी पेटी मालकाच्याच घरी सापडली. संशय चारचौघांत घेतला होता, म्हणून क्षमाही आम्ही चारचौघांतच मागितली. मुलगा हसला, परंतु दप्तर त्याने छातीशी घट्ट धरले होते.

बोट दाखविण्यापूर्वी एवढेच विचारावे: ही खूण आणखी कितीजणांस लागू पडते?