रंगदर्शन निर्देशांक

रंगदर्शन निर्देशांक म्हणजे एखाद्या कृत्रिम प्रकाशस्रोताखाली वस्तूंचे रंग प्रमाण प्रकाशातील रंगांशी कितपत जुळतात, हे दर्शवणारे परिमाण होय. बाजारात ते सीआरआय या संक्षेपाने ओळखले जाते. त्याचे कमाल मूल्य 100 आहे. चित्रकला, मुद्रण, वस्त्रोद्योग व मूर्तिकला या क्षेत्रांत मेजावरील दिव्यासाठी बल्ब निवडताना हा निर्देशांक विचारात घेतला जातो.

तत्त्व

वस्तू आपल्यावर पडलेल्या प्रकाशातील काही तरंगलांबी शोषून घेते व उरलेल्या परावर्तित करते. जी तरंगलांबी दिव्याच्या प्रकाशात मुळातच नसते, ती परावर्तित होऊ शकत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच पिवळ्या तरंगलांबीचा असल्याने त्याखाली लाल व निळा यांतील फरक कळत नाही. त्याचा निर्देशांक ऋण येतो. तारेच्या जुन्या बल्बचा निर्देशांक 100 च्या जवळ असतो. सर्वसाधारण एलईडी बल्बचा तो 80 च्या आसपास असतो.

मापन

आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने ही पद्धत 1965 मध्ये मांडली व 1974 मध्ये तिच्यात सुधारणा केली. सर्वसाधारण निर्देशांक आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल रंगाचा नमुना, म्हणजे आर 9, या सरासरीत धरला जात नाही. त्यामुळे 80 निर्देशांकाच्या एलईडीचे आर 9 मूल्य अनेकदा अगदी कमी असते आणि त्याखाली कुंकवाचा लाल किंवा शेंदरी रंग निस्तेज दिसतो. 2015 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या टीएम-30 या पद्धतीत 99 रंगनमुने वापरले जातात.

रंगतापमानाशी असलेला फरक

रंगतापमान केल्विनमध्ये मोजतात. प्रकाश पिवळसर आहे की निळसर, एवढेच ते सांगते. 6500 केल्विनचा पांढराशुभ्र बल्ब दिवसाच्या उजेडासारखा भासला, तरी त्याखाली रंग खरे दिसतीलच असे नाही.

मेटामेरिझम

दोन कापडांचे रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळणे व दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसणे, या घटनेला मेटामेरिझम म्हणतात. दोन्ही कापडांतील रंगद्रव्ये भिन्न असल्यास असे घडते. मॅचिंग सेंटरमध्ये साडीला जुळलेला ब्लाउजपीस घरी वेगळा दिसतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. साडी दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात पाहण्याच्या रिवाजाला म्हणूनच शास्त्रीय आधार आहे.

मुंबईतील संदर्भ

मुंबईतील पहिली कापडगिरणी 1856 मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढे परळ-लालबाग परिसरात गिरणगाव वसले. विणकामाच्या अनेक शेडना करवतीच्या दात्यांसारखी छपरे होती. त्यांच्या काचा उत्तरेकडे असल्याने थेट ऊन टळून आकाशाचा सौम्य उजेड आत येई. मात्र मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीचा उजेडही पूर्णपणे स्थिर मानता येत नाही. दादरच्या चैत्यभूमीजवळील इंदू मिल क्रमांक 6 हा रंगाईचा कारखाना होता. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत 1933 मधील स्थापनेपासून वस्त्ररसायन शिकवले जाते.

लालबाग-परळ येथील गणेशमूर्तींच्या कार्यशाळांत रंगकामाचा मुख्य हंगाम पावसाळ्यात येतो. ढगाळ आकाशामुळे उजेड दिवसभर बदलत राहतो व बरेचसे काम दिव्याखाली होते. निळ्या ताडपत्रीतून झिरपणारा उजेडही रंगाची छटा बदलतो. अशा उजेडात अंगाचा रंग अधिक तांबूस मिसळला गेल्यास मंडपातील पिवळसर दिव्यांखाली तो भडक दिसतो. एकदा रंगवलेली मोठी मूर्ती ऐन वेळी पुन्हा रंगवणे अवघड असल्याने हा दोष महागात पडतो.

बल्बची निवड

रंगकामासाठी निर्देशांक किमान 90 असावा व आर 9 चे मूल्यही चांगले असावे. काही बल्बांवर व नळ्यांवर तीन अंकी संकेत असतो. त्यातील पहिला अंक निर्देशांकाचे दशक व पुढील दोन अंक रंगतापमान दर्शवतात. त्यानुसार 865 म्हणजे 80 ते 89 निर्देशांक व 6500 केल्विन, तर 965 म्हणजे 90 किंवा त्याहून अधिक निर्देशांक व तेच रंगतापमान. वस्त्रोद्योगात साधारणपणे 6500 केल्विन व मुद्रणात 5000 केल्विन हे प्रमाण मानतात. मुद्रित रंगांच्या काटेकोर तुलनेसाठी 2000 लक्स व सामान्य पाहणीसाठी 500 लक्स प्रदीपन योग्य ठरते. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केल्यास पृष्ठावरील प्रदीपन सुमारे चौपट होते. त्यामुळे अधिक वॅटचा बल्ब घेण्याआधी दिवा जवळ आणून पाहता येतो. चाळीतील लहान खोलीत रंगीत भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाशही परिणाम करतो. मेजावर व मागे फिकट करडा कागद लावल्यास तो कमी होतो.

मर्यादा

निर्देशांक ही सरासरी असल्याने 90 मूल्याचे दोन बल्ब एकच रंग वेगवेगळा दाखवू शकतात. बहुतेक एलईडी बल्बमध्ये अतिनील किरण जवळजवळ नसल्याने शुभ्रता वाढवणाऱ्या द्रव्यांनी प्रक्रिया केलेले कापड व कागद त्याखाली उन्हातल्यापेक्षा मळकट दिसतात. अंतिम निर्णयापूर्वी नमुना दिवसाच्या उजेडात आणि जिथे वस्तू वापरली जाणार आहे तिथल्या दिव्याखाली, अशा दोन्ही ठिकाणी पाहणे आवश्यक असते.